पेगीला मी पाडलेलं भोक

एसी या विषयात मला कोणी शिकवू नये! मस्कतमध्ये बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. मी नुसता समोर जाऊन उभा राहिलो तरी बंद पडलेला एसी घाबरून थंड हवा टाकायला लागतो, असं आमच्या वर्कशॉपमध्ये म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. त्यामुळे एका जुन्या शिडाच्या होडीत एसी बसवायचा, मोरी करायची, गॅस जोडायचा आणि तीन माणसांचं घर उभं करायचं, हे मला दोन आठवड्यांचं काम वाटलं तर त्यात माझं काय चुकलं?

जे चुकलं ते पुढे सांगतो. बरंच आहे.

२०१६ चा उन्हाळा. तेलाचे भाव जमिनीवर पडले होते आणि उचलायला कोणी वाकत नव्हतं. आमच्या ऑफिसात दर गुरुवारी कोणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. मे महिन्यात केक बंद झाला, नुसते हात मिळवायचे. जूनमध्ये मला पत्र आलं. नोकरी राहील, पण फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंबासह राहायची कंपनीची सोय, खलास! वादी कबीरचा फ्लॅट जुलैअखेर रिकामा करायचा आणि मी रुसैलच्या कंपनी कॅम्पात जायचं. एका खोलीत सहा जण, एकावर एक पलंग. बायको आणि मुलीनं कुठे जायचं, याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता.

बायको दीप्ती आणि मुलगी मनाली तेव्हा शाळेच्या सुट्टीत चिपळूणला, दीप्तीच्या माहेरी गेल्या होत्या. मनाली नववीत. दहावी होईपर्यंत तिला इथून हलवायचं नाही, हे आमचं ठरलेलं. दोघींचे व्हिसा मार्चपर्यंत चालणार होते. पुढचं पुढे बघता आलं असतं, आत्ता फक्त डोक्यावर छप्पर हवं होतं आणि भाड्याचं घर नव्या पगारात बसत नव्हतं.

हे सगळं दीप्तीला फोनवर सांगायचं, असं मी रोज सकाळी ठरवायचो. रोज संध्याकाळी तिला विचारायचो, "तिकडे पाऊस कसा आहे?"

अशात मॅकॅलमसाहेब भेटले. आमचे स्कॉटिश इंजिनीअर. त्यांनाही पत्र मिळालं होतं, फक्त त्यांचं जास्त स्पष्ट होतं. त्यांची एकतीस फुटी शिडाची होडी मरिनामध्ये, म्हणजे हौशी होड्यांच्या बंदरात, बांधलेली होती. ती बरोबर नेता येत नव्हती आणि मस्कतमध्ये तेव्हा विकणारे सगळे होते, घेणारा कोणी नव्हता. मी घेतली. जुन्या मोटारीच्या भावात! साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, होडीसाठी रडतायत. आता वाटतं, माझ्यासाठी असावं.

होडीचं नाव पेगी. साहेबांच्या आईचं नाव. मागच्या बाजूला मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं.

त्या संध्याकाळी मी फोनवर अर्धं सांगितलं.

"दीप्ती, मी घर बदलतोय."

"अगंबाई! कुठे?"

"समुद्राला लागून."

"किती लागून?"

"अगदीच लागून."

"सी-फेसिंग?" तिचा आवाज एकदम फुलला. "कितवा मजला?"

"तळमजला धर."

"गॅलरी आहे का?"

"चारही बाजूंनी."

"अहो, कंपनी देतेय? प्रमोशन झालं का?"

इथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तिकडे पाऊस कसा आहे?"

आणि मी कामाला लागलो. मदतीला हुसैनमियाँ. हा दाभोळचा, लाकडी होड्यांचा जुना सुतार, मरिनाच्या यार्डात कामाला. मी गुहागरचा, म्हणजे आमच्यात एक खाडी सोडली तर काही अंतर नाही. यार्डातल्या ग्राइंडरनं त्याचे कान निम्मे गेलेले, बाकी माणूस सोन्यासारखा.

जुलैमध्ये मस्कतच्या समुद्रावर वारा नसतो, फक्त वाफ असते. होडीच्या पोटात उतरलं की इडलीपात्रात बसल्यासारखं वाटायचं. गाद्यांना बुरशी, कपाटांना बुरशी, माझ्या खिशातल्या पाकिटालाही बुरशी. मी पहिल्या आठवड्यात सगळं घासलं. मग डेकवर एसीचं बाहेरचं युनिट बसवलं, आत थंड हवेचं. राहिला एसीचं पाणी बाहेर काढणारा पाइप. आमच्या धंद्यात एक नियम आहे, पाइपाला जितका उतार, तितका निचरा चांगला. म्हणून मी पाइप डाव्या बाजूच्या बाकामागून पार खाली नेला आणि ड्रिल लावून होडीला आरपार भोक पाडलं. इंचभर. पाण्याच्या वर नीट चार बोटं!

आवाज ऐकून हुसैनमियाँ धावत आला.

"गजाभाऊ, होडीला भोक पाडलंत?"

"पाण्याच्या वर आहे, हुसैनमियाँ."

"आज वर हाय!"

"भोक काय चालत खाली येणार आहे?" मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. तो हसला नाही. कानामुळे ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं.

होडीच्या तळाशी एक छोटा पंप होता. पाणी साठलं की आपोआप चालू व्हायचा. पण तो कधीही घुर्र करायचा आणि मी दचकायचो. मी त्याची वायर काढून छान पंख्याला जोडली.

मग सामान. फ्लॅट रिकामा करायचा होता, सामान ठेवायला दुसरी जागा नव्हती. लोखंडी कपाट (दारातून आत जाईना, तेव्हा दोन तुकडे केले), इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, तांदळाची पोती, इडलीचा दगडी ग्राइंडर, मनालीची पुस्तकं, आणि टाकीत भरलेलं तीनशे लिटर पाणी. सगळं आत गेल्यावर मी वाकून भोक बघितलं. चार बोटांऐवजी दोनच बोटं दिसत होती. मी म्हणालो, भरती असेल! आणि समाधानानं चहा प्यायलो.

गुहागरचा माणूस! भरती आली की होडीही वर चढते, हे आमच्याकडे अंगणवाडीतल्या पोराला कळतं.

आता मधला एक फोन सांगायचा राहिला. तो मलाही नंतर कळला. मी इंजिनाच्या खबदाडात डोकं घालून पडलो होतो आणि मोबाइल वर डेकवर वाजत होता. हुसैनमियाँनी उचलला.

"हॅलो! गजाभाऊ पेगीकडं हायत."

"कोणाकडे?" दीप्ती म्हणाली.

"पेगी! रोजच असतात. सकाळी येतात ते काळोख पडल्यावर जातात."

"पेगी कोण?"

मागे ग्राइंडर चालू. हुसैनमियाँला ऐकू आलं, पेगी कशी?

"फस्क्लास! वयानं जुनी हाय, पण रंगरंगोटी केली की कोणी ओळखणार नाय. गजाभाऊंचा लय जीव तिच्यावर. तुम्ही आलात की तुमच्याच ताब्यात देणार म्हणतात."

दोन दिवसांनी मला निरोप आला. दीप्ती ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी येतेय आणि बरोबर सासूबाई आहेत. मी हुरळलो. माझ्या आठवणीनं व्याकूळ झाली असणार!

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी मी विमानतळावर गेलो. मनाली गळ्यात पडली. दीप्तीनं माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई, लीलावतीबाई, माझ्याकडे फारच बघत होत्या. गाडी मुख्य रस्त्याला लागली. मग दीप्तीनं काचेतून बाहेर बघत विचारलं, "पेगी कुठे आहे?"

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाड्यांनी हॉर्नांचा गजर केला.

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे आहे!"

"मी आज सांगणारच होतो. तुला सरप्राइझ..."

"कुठे भेटली तुम्हाला?"

"आपले मॅकॅलमसाहेब नाहीत का? त्यांची होती. ते देश सोडून गेले, जाताना मला देऊन गेले."

"देऊन गेले!"

"अगदी फुकट नाही."

मागून सासूबाईंचा रामनामाचा जप सुरू झाला.

"वय काय तिचं?" दीप्तीचा आवाज बर्फासारखा.

"अडतीस. पण सांगाडा मजबूत आहे. हुसैनमियाँनी सगळीकडून ठोकून बघितली."

जप वाढला.

"आणि मी आता काय करायचं?"

"राहायचं! आपण सगळेच राहू की. जागा आहे. आई पुढच्या बाजूला, मनाली मध्ये..."

"मला परत विमानतळावर सोडा."

"बाबा," मनाली म्हणाली, "आय थिंक तू चुकीचा उत्तर देतोय."

मला वाटत होतं की होडीवर राहायची कल्पना तिला पसंत नाही. मी म्हणालो, "एकदा बघ तरी तिला. मग तू म्हणशील ते." दीप्ती म्हणाली, "बघतेच!"

मरिनाच्या धक्क्यावर ती पदर खोचून पुढे, मागे बॅगा ओढत आम्ही. उन्हानं धक्क्याच्या फळ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. "कुठे आहे?" ती म्हणाली. मी बोट दाखवलं. ती इकडेतिकडे बघत राहिली, एखादी गोरी बाई दिसते का म्हणून. मग तिनं होडीच्या पाठीवरची निळी अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. बॅगेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "आई, होडी आहे गं! नुसती होडी आहे!"

पेगीचा घोटाळा मला तेव्हा कळला. मीही हसलो. हुसैनमियाँला काहीच कळलं नव्हतं, तोही हसला. गेल्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा असा हसत होतो. त्या पाच मिनिटांत मला खरंच वाटलं की सगळं निभावलं.

सुटकेच्या आनंदात दीप्तीनं कसलीच चौकशी केली नाही. "आत तर जाऊ या," म्हणाली. सासूबाईंना हुसैनमियाँनी फळीवरून हात धरून चढवलं. आत एसी गारेगार! दीप्ती सगळीकडे हात फिरवत फिरली. "बाथरूममध्ये उभं राहता येत नाही हो." "बसून आंघोळ तब्येतीला चांगली." "कपाट दोन तुकड्यांत का?" "फॅशन आहे." ती पुन्हा हसली. काय वाट्टेल ते चाललं असतं त्या वेळी तिला.

मग सासूबाई म्हणाल्या, "नवीन घर आहे, दूध उतू घालायला हवं."

गॅस डाव्या बाजूला. पातेलं ठेवलं आणि आम्ही पाचही जण डावीकडे, पातेल्याभोवती दाटीवाटीनं उभे राहिलो. होडी डावीकडे कलली. "थोडी हलते," मी म्हणालो, "सवय होईल." दूध लवकर तापेना. सासूबाईंनी दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि आमच्या मागे, बाकाच्या आड, माझं इंचभर भोक पाण्याखाली गेलं होतं. आवाज येत होता, बारीक, गुळगुळ गुळगुळ. मला वाटलं, एसीचा निचरा किती छान चाललाय!

"जावईबापू," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "लादी पुसलीत ती वाळू द्यायची होती. पाय ओले झाले."

"बाबा," मनाली म्हणाली, "माझा चप्पल स्विमिंग करते आहे."

मी खाली बघितलं. घोट्यापर्यंत समुद्र.

"पंप!" हुसैनमियाँ ओरडला. "पंप चालू करा, गजाभाऊ!"

मी बटण दाबलं. पंखा जोरात फिरायला लागला.

"सगळे उजवीकडे व्हा! उजवीकडे!" हुसैनमियाँ ओरडत बाहेर धावला. आम्ही उजवीकडे धावलो, पण आत आलेलं पाणी डावीकडेच साठून बसलं होतं. होडी सरळ व्हायचं नाव घेईना. वीज जाऊन एसी बंद पडला. मी दीप्तीला आणि मनालीला ढकलतच धक्क्यावर चढवलं. सासूबाई हलेनात.

"आई, चला! बुडतंय!"

"दूध अर्धवट ठेवून जाऊ नये."

"आई!"

"आलंच आहे वर!"

आणि खरंच आलं. दूध उतू गेलं, आचेवर सांडून गॅस विझला आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या माउलीनं नमस्कार केला. मग म्हणाल्या, "आता चला." मी त्यांना पाठुंगळीला घेऊन बाहेर काढलं.

हुसैनमियाँनी कपड्यांसकट पाण्यात उडी मारली होती. डोक्याचा पंचा काढून त्यानं बाहेरून भोकात ठासला आणि वरून लाकडाची पाचर मारली. होडी बुडायची थांबली. वर आली नाही, तशीच अर्धी बुडून, तिरकी, पडून राहिली. आतून एकेक वस्तू दारापाशी तरंगत येत होती. उशी. भूगोलाचं पुस्तक. तांदळाचं रिकामं होत चाललेलं पोतं. दीप्ती फळीवर वाकून जे हाताला लागेल ते बाहेर काढत होती.

एवढ्यात मरिनाच्या ऑफिसातली कुबरा छत्री घेऊन धक्क्यावरून आली. होडीवर कायम राहण्याच्या परवानगीसाठी मी महिनाभर तिच्या टेबलासमोर बसलो होतो आणि ती रोज "इन्शाल्ला" म्हणत होती. आज शुक्रवारची सुट्टी असूनही मुद्दाम आली होती. हातात सही-शिक्क्याचा कागद.

"मबरूक, काँग्रॅच्युलेशन्स, मिस्टर गजेंद्र! परमिशन..." तिनं होडीकडे बघितलं. मग आमच्याकडे. तिनं कागद हलकेच फाइलीत परत ठेवला. "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला," ती म्हणाली, आपली छत्री सासूबाईंच्या हातात दिली आणि उन्हातून तशीच परत गेली.

मी काहीतरी विनोद करायला दीप्तीकडे वळलो. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. कपाटाच्या खालच्या खणातून सुटून आलेली. आत कंपनीचं पत्र होतं. पिशवीमुळे ते मात्र कोरडं राहिलं होतं. तिनं वाचलं. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं, एकदा वाचून पुरलं.

"जूनमधलं आहे," ती म्हणाली.

"हो."

"जूनमध्ये मी रोज बोलत होते तुमच्याशी."

"हो."

"पाऊस कसा आहे विचारायचात."

धक्क्याखाली पाणी आपटत होतं. मनाली तिच्या आजीला धरून छत्रीत उभी होती आणि आमच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होती.

"पेगी बाई असती ना," दीप्ती म्हणाली, "तर मी भांडले असते. जोरात भांडले असते, त्याची तयारी करूनच आले होते. विमानात आईला सगळं म्हणून दाखवलं होतं. आता ह्याच्याशी कसं भांडू, सांगा?" तिनं पत्र माझ्यापुढे धरलं. "एवढा मोठा खटाटोप केलात. होडी घेतलीत, भोकं पाडलीत. दोन वाक्यं बोलायची होती फक्त."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच! दोघांनी मिळून वाटून घेतलं असतं."

मला रडू आलं. घामानं आणि समुद्रानं आधीच इतका भिजलो होतो की कोणाला कळलं नसावं. सासूबाईंना कळलं. त्यांनी छत्री थोडी माझ्या बाजूला सरकवली.

पुढचे दहा दिवस आम्ही माझा मित्र दयानंद याच्या हॉलमध्ये काढले. त्यानं एक प्रश्न विचारला नाही, त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. खारं पाणी लागलेलं सामान फेकून दिलं. इडलीचा ग्राइंडर तेवढा वाचला, तो हुसैनमियाँ घेऊन गेला. पेगीही त्याच्याच यार्डात दिली. त्यानं दुरुस्त करून एका शाळेला दिली, मुलं तिच्यावर शीड लावायला शिकतात म्हणे. मी बघायला गेलो नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिघी चिपळूणला परत गेल्या. मनालीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. विमानतळावर दीप्तीनं मला एकच शपथ घातली, "यापुढे सगळं सांगायचं. सगळं!"

तर मी आता रुसैलला असतो. खोलीत सहा जण, मला वरचा पलंग. शुक्रवारी जेवणानंतर फोन लावतो आणि सगळं सांगतो. सोमवारी आमटी खारट होती ते. खालच्या पलंगावरच्या वजीराला खोकला झालाय ते. नवा सुपरवायझर मला 'तू' म्हणतो आणि मला ते लागतं, तेसुद्धा. परवा असाच पाऊण तास सांगत होतो. पलीकडून हुंकार येईना. "हॅलो," म्हटलं. "दीप्ती?" तर बारीक घोरणं ऐकू आलं. चिपळूणला दुपारचे साडेतीन, बिचारी जेवून आडवी झाली असणार.

मी फोन ठेवला नाही. आमच्या घरात घोरतो तो मीच, असं सतरा वर्षं सर्वमान्य होतं. तिनं तसं सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय. मी हळूच वजीराचा मोबाइल मागून घेतला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. चांगलं एकोणीस मिनिटांचं आहे. पुढच्या भांडणात पुरावा म्हणून काढीन! अजून भांडायला कोणी समोर नाही, म्हणून जपून ठेवलंय. अधूनमधून लावून बघतो, पुसलं तर गेलं नाही ना एवढ्यासाठीच.